दुसरीचं करडू

चारकोपचे सेक्टर नुकतेच वसत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत एक मालवणी बाई शेळ्या पाळायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्यांची एक शेळी वीत असताना गेली आणि करडू मागे राहिलं. नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या शेळीला ते नकोसं होतं. जवळ आलं की ती शिंगाने ढकलायची. बाई सकाळ-संध्याकाळ तिला गुडघ्यांत घट्ट धरून करडाला पाजायच्या. "गप रव गो, महाराणी," म्हणायच्या, "तुझ्या बापाचा काय खाता तां?"

जाता-येता मी बघत उभी राहायचे. एकदा न राहवून म्हणाले, "तिला नाही आवडत, तर जबरदस्ती कशाला?"

"माया येतली मागसून," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पयला पोट भरूक होया. तिचा दूध पोटात गेला, की तिचोच वास येतलो तेका."

आठवड्याभराने गेले, तर ती शेळी करडाची शेपटी हुंगून त्याला चाटत होती.

आजवर हे कुणाला सांगितलं नाही. माझ्या घरात नवऱ्याच्या पहिल्या बायकोची लहान मुलगी होती. तिला मी वेळेवर जेवायला वाढायचे, पण जवळ घ्यायचे नाही. तिची वेणीसुद्धा सासूबाई घालायच्या.

त्या संध्याकाळी मी कंगवा घेतला आणि तिला पुढ्यात बसवलं. ती अंग चोरून बसली. माझेही हात अवघडले होते. तरी मी गुंता सोडवत राहिले.