वानखडे सरांची मर्यादवेल

वानखडे सर पळसाला सरपण म्हणत. मारेगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि आपल्याकडे उगवणाऱ्या प्रत्येक गोष्टीची त्यांना लाज वाटायची. "इथं पाह्यण्यासारखं हाय काय? कापूस अन् गाजरगवत!" मी त्यांचा शेजारी, त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. म्हणजे त्यांच्या लेखी मीही गाजरगवतच.

एकदा कोकणच्या सहलीहून त्यांनी मर्यादवेल आणली. समुद्रकाठच्या वाळूत पसरणारी, जांभळ्या फुलांची. लावली कुठे? अंगणातल्या काळ्या मातीत, वहिनींच्या मोगऱ्याला खेटून. तो मोगरा वहिनींनी राळेगावहून, आईच्या अंगणातून आणलेला. पुढे आई गेली, घर विकलं. माहेरचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

मग सरांचा शहाणपणा सुरू झाला. रोज बादलीत मूठभर जाडं मीठ विरघळवून वेलीला घालायचे.

"अहो, मोगरा मरन ना माहा!" वहिनी कळवळायच्या.

"तुले काय समजते? समुद्राची वेल हाय, तिले खारंच लागते."

मीही एकदा बोललो. "तुम्ही कविता शिकवा," सर म्हणाले. वा रे विद्वान!

मोगरा वाळून काटकी झाला. वेलही चिखलात कुजली. तिचं उरलंसुरलं कांडं वहिनींनी रागानं कुंपणापलीकडच्या बांधकामाच्या वाळूवर भिरकावलं. तिथे ते साध्या सांडपाण्यावर पसरलं, फुललं. सरांनी अख्खा स्टाफ बोलावला. "म्या म्हटलं नव्हतं?" लाज कशाशी खातात, हे या माणसाला ठाऊकच नव्हतं. वर फूल तोडून वहिनींपुढे धरलं.

"मले हे नोको," वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या. "माह्या आईचा मोगरा आणून द्या."

सर फूल तसंच हातात घेऊन घरात गेले. दुसऱ्या दिवशी 'राळेगावले जातो' म्हणून निघाले आणि संध्याकाळी रोप घेऊन परतले. "तुह्या आईच्याच अंगणातला हाय."

फुलं आली तेव्हा वहिनींनी मला कुंपणाशी बोलावलं. "भाऊजी, आईचा मोगरा एकेरी होता. हा दुहेरी हाय, नर्सरीतला."

वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, आणि पाकळ्यांत फसला! मला हसू आवरेना. राळेगावला कसला जातोय हा, इथूनच कुठून तरी उचलला असणार.

"त्याईले सांगू नका," झाडाला तांब्यातलं पाणी घालत वहिनी म्हणाल्या. "राळेगावले गेलते ते. शर्ट धुताना खिशात एसटीचं तिकीट भेटलं. तिथं काहीच राह्यलं नसन, मंग ते तरी काय आणतीन?"