पाण्याची पाळी

आमच्या गावात पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला की शहिदाच्या आईचा सत्कार होतो. गाव माण तालुक्यातलं, म्हसवडजवळचं. घरटी एक माणूस फौजेत, नाहीतर मुंबईत. शहीद मात्र एकच. तो आणि मी एकाच दिवशी भरती झालो, एकाच पलटणीत गेलो. मी पेन्शन घेऊन परत आलो.

सत्काराआधी शाळेतले गुरुजी त्याच्या वीरमरणाची हकिकत सांगायचे. पहिल्या वर्षी तीत दोन अतिरेकी होते. पुढच्या वर्षी पाच झाले. गेल्या वर्षी अकरा. गुरुजी मनाने चांगले, पण माइक हातात आला की त्यांना आवरत नसे. आम्ही माजी सैनिक पुढच्या रांगेत मेडलं लावून टाळ्या वाजवायचो.

खोटं कशाला बोलू, तो गेला त्या दिवशी सीमेवरच्या आमच्या चौकीवर एकही अतिरेकी आला नव्हता. पाण्याचा झरा खाली होता. रोज एकाने जेरीकॅन घेऊन उतरायचं, अशी पाळी लावलेली. त्या दिवशी पाळी माझी होती आणि मला आदल्या दिवसापासून ताप होता. "झोप तू, मी जाऊन येतो," म्हणाला. बर्फावरून त्याचा पाय सटकला आणि तो दरीत गेला. ड्यूटीवर गेला म्हणजे शहीदच, त्यात शंका नाही. पण पाळीचं मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. गुरुजींचे अतिरेकी मला लय सोयीचे होते.

यंदा गुरुजींची साताऱ्याकडे बदली झाली आणि भाषण माझ्या गळ्यात पडलं. मीही कागदावर पाच अतिरेकी लिहून आणले होते. अकरा जरा जास्तच वाटले. समोर खुर्चीवर त्याची आई बसलेली, डोक्यावर पदर घेऊन. तिला मी मावशी म्हणतो. माझ्या तोंडातून एकही अतिरेकी निघेना. "लय चांगला होता," एवढं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गड्याला गहिवरून आलं. टाळ्या पडल्या. मला माझीच लाज वाटली.

कार्यक्रम संपल्यावर तसाच तिच्या घरी गेलो. ती शेरडांना पाला टाकत होती.

"मावशी, त्या दिशी पाण्याची पाळी माझी हुती. मला ताप हुता म्हणून त्यो गेला."

तिने हातातला पाला टाकून संपवला, मग वळली.

"म्हाईत हाय. आदल्या दिशी फोन आला हुता त्येचा. म्हणला, गड्याला ताप हाय, उद्या मीच जातू पाण्याला."

इतकी वर्षं तिच्या दारावरून जाताना मी बंद मोबाइल कानाला लावून बोलत जायचो.

"मग तुमी बोलला का न्हाई?" मी विचारलं.

"तू येशील म्हणून वाट बघत हुते. मास्तर सांगायचं त्यो पोरगा कोण, मला ठावं न्हाई. माझ्या पोराबरूबर तू हुतास. त्येच्यावर बोलाय मला दुसरं कोण हाय?"

तिने पोतं अंथरलं. मी बसलो. तो चौकीवर पोळ्या करायचा आणि रोज करपवायचा, तिथून सुरू केलं. दोन-चार गोष्टी भराभर सांगितल्या. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दमानं सांग रं," म्हणाली. "लगीच संपवू नगंस."