चौथ्या नंबरवर कोण?

आमचा चौथ्या नंबरचा बॅटर नोकरी बदलून शिकागोला गेला आणि अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या आमच्या मराठी बेसबॉल टीमवर सुतकी कळा आली. तो बॅट घेऊन उभा राहिला की समोरच्या टीमचे लांबचे तिन्ही फील्डर आपणहून मागे सरकायचे. आता ते कोणासाठी सरकणार?

काकांच्या गॅरेजमध्ये मीटिंग भरली. काका म्हणजे रिटायर्ड इंजिनियर, आमचे स्कोअरर. पुणेकर कॅप्टनने आधी तिघांचा विचार केला. एक जण युनिव्हर्सिटीकडून क्रिकेट खेळलेला, पण त्याला दर शनिवारी मुलीला पोहायला न्यायचं असतं. दुसऱ्याचा गुडघा. तिसरा स्वतःच नको म्हणाला.

"मी जाते चौथी," मी म्हटलं.

दोन वर्षं मी शेवटच्या नंबरवर. लीगच्या नियमाप्रमाणे टीममध्ये बायका लागतात, म्हणून मला घेतलं होतं. सूचना एकच: चेंडूला बॅट हळूच टेकवा आणि पळा.

"वहिनी, चौथ्या नंबरला लांब मारावं लागतं हं," कॅप्टन म्हणाला.

"वहिनी कोणाची रे? माझा नवरा तर बघायलाही येत नाही."

"बरं. कॉलेजमध्ये खेळलात का कधी?"

"कॉलेजमध्ये गेले, हाच आमच्या घरात पराक्रम होता. माझ्याआधी कोणी गेलं नव्हतं. सुट्टीत मी घण मारायचे."

"घण?" काकांनी विचारलं. मग मी सांगितलं. लपवायचं काय त्यात? आईवडील गावोगाव फिरून लोहारकाम करायचे. वडील सांडशीत लाल लोखंड धरायचे आणि आई घण घालायची. नववीपासून सुट्टीभर आईच्या जागी मी. डिग्री माझ्या खांद्यांनी मिळवली, असं म्हटलं तरी चालेल.

"द्या तिला एक मॅच," काका म्हणाले.

"एकच," कॅप्टन म्हणाला. "नाही जमलं तर परत शेवटी."

शनिवारी मी उभी राहिले तेव्हा लांबचे तिघं सरळ पुढे चालत आले. एकाचं च्युइंगगम चघळणंसुद्धा मला दिसत होतं. चेंडू आला. मी पूर्ण खांद्याने घाव घातला. चेंडू तिघांच्याही डोक्यावरून पार कुंपणापर्यंत गेला.

आणि मी पाय रोवून तिथेच उभी.

घण मारल्यावर हलायचं नसतं. वडील छोट्या हातोडीने लोखंडावर टक् करून पुढची जागा दाखवायचे, मग पुढचा घाव. टेकवून पळताना हे कधी आठवलं नव्हतं. पूर्ण ताकदीने मारलं आणि अंग त्या 'टक्'ची वाट बघत राहिलं.

"अगं पळ! पळ ना!" काका वही फेकून ओरडले. तोवर चेंडू हातोहात माझ्याआधी पहिल्या बेसवर पोचला होता. मी आऊट.

बाकावर कॅप्टन मान खाली घालून म्हणाला, "पुढच्या मॅचला तुम्ही शेवटी. ते लोक हसतायत आपल्याला."

"हसू दे. हसणाऱ्यांनाच कुंपणापर्यंत पळावं लागलं. मी पळायला आत्ता शिकते. तू तेवढा लांब मारून दाखव, मग मला शेवटी पाठव."

काका वही उचलता उचलता म्हणाले, "मुद्दा आहे रे."



मॅच आम्ही हरलो, ते सांगून टाकते. पण माझी पाळी पुन्हा आली. मी बॅट उचलली, तळवे पँटला पुसले आणि समोर पाहिलं. च्युइंगगमवाला मागे जात होता. मग दुसरा. मग तिसरा, पार कुंपणाला पाठ लागेपर्यंत.

मी बाकाकडे वळून कॅप्टनला म्हटलं, "बघितलंस?"

त्यानेही बघितलं होतं. चौथा नंबर अजून माझ्याकडेच आहे.