आमच्या घरातली देखणी बाई

आमच्या घरात देखणी बाई एकच होती, आणि ती म्हणजे माझा धाकटा भाऊ. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. पारनेरकडच्या आमच्या कोरडवाहू गावात चैत्राच्या जत्रेला नाटक व्हायचं, आणि त्यातली बायकांची कामं पोरंच करायची. गावचा शिंपी हाच नाटकाचा मास्तर. भावाला मिसरूड फुटायच्या आधी त्यानं त्याला नायिकेचं काम दिलं आणि पहिल्याच वर्षी गाव वेडं झालं. भाऊ गोरा, अंगानं नाजूक, लांब मानेचा. देवानं वाटणी करताना घोटाळा केला, असं बायका माझ्यादेखत म्हणायच्या. घोटाळ्याचा दुसरा भाग म्हणजे मी. मी तिथंच उभी असायचे, आणि त्यांच्याबरोबर हसायचे सुद्धा.

मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. आई मला सावळी म्हणायची, पण ती आई होती. मी काळी होते. खांदे रुंद, हाताचे पंजे वडिलांच्या, आबांच्या मापाचे, टाचांना भेगा, आणि वरच्या ओठावर लव. बाकीचं सगळं मी एक वेळ सोसलं असतं, पण त्या लवेनं माझा जीव खाल्ला. दुपारी माणसं पडली की मी गोठ्यात कडब्याच्या आडोशाला बसायचे, चुलीतली राख ओठावर चोळायचे आणि चिमटीनं एकेक केस उपटायचे. राखेनं केस निसटत नाही. डोळ्यांतून पाणी यायचं, ओठ सुजायचा, आणि तसल्या सुजल्या ओठानं मी संध्याकाळी भाकरी थापायला बसायचे. आई बघायची आणि दुसरीकडे मान वळवायची. आबांचा दाढीचा आरसा सोप्यात खुंटीला टांगलेला असे. कुणी घरात असताना मी त्यात कधी पाहिलं नाही. आपलं तोंड बघताना कुणी आपल्याला बघावं, याची मला भयंकर लाज वाटे.

ते लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलवर गेलं होतं, आणि नवं लुगडं मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट झाली होती. तरी आबांनी नगरच्या कापडबाजारात खेटे घालून माझ्यासाठी एक डाळिंबी लुगडं मिळवलं. मला बघायला कुणी आलं की नेसायचं म्हणून ते ट्रंकेत ठेवलं होतं. ट्रंक उघडली की मी त्यावरून नुसता हात फिरवायचे. माझ्या मनानं घेतलं होतं की ते अंगावर आलं की मी थोडीतरी बदलेन.

बघायला कुणी यायच्या आधी जत्रा आली. नायिकेला चांगलं लुगडं हवं होतं आणि गावात कुणाकडेच धड वस्त्र नव्हतं. आबांनी ट्रंक उघडून माझं लुगडं मास्तरच्या हातात दिलं. मला कुणी विचारलं नाही. आई म्हणाली, एका रात्रीपुरतं तर नेतोय, झिजणार थोडंच आहे.

मी बायकांत बसून नाटक बघितलं. गॅसबत्तीच्या उजेडात भाऊ ते डाळिंबी लुगडं नेसून पुढं आला आणि सगळं गाव गप्प झालं. नवऱ्यानं टाकलेली बाई सासरी राबते आहे, असा काहीतरी प्रवेश होता. राबता राबता तिच्या कपाळावर बट येते. त्यानं ती बोटांनी सारली नाही. मनगट उलटं करून, बोटं अलगद वर धरून, मनगटाच्या मागच्या बाजूनं मागं लोटली आणि पुन्हा कामाला लागला. एवढंच. माझ्या पुढच्या म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. शेजारच्या बाईनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग घाईनं पुन्हा पुढं. माझ्या अंगावर नव्हतं म्हणूनच ते लुगडं इतकं सुंदर दिसत होतं, असं मला वाटलं आणि मी गर्दीत खाली मान घालून बसले.

त्याच जत्रेत राहुरीकडची एक बाई कुणाकडे तरी पाहुणी आली होती. तिच्या भाच्यासाठी मुली बघणं चाललं होतं. माझ्या मामानं संधी साधली आणि तिला सांगितलं की नाटकातल्या त्या पोराची सख्खी मोठी बहीण लग्नाची आहे. बाई म्हणाली, भाऊ असा तर बहीण कशी असेल. आणि तेवढ्यावर ते लोक यायचे ठरले.

घरात आनंदीआनंद झाला. राहुरीकडे पाटाचं पाणी, उसाचे मळे, दाराशी विहीर. आमच्या इथं पाणी म्हणजे माळ उतरून जायचं, पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचं आणि भरली घागर घेऊन पुन्हा माळ चढायचा. आईचा जन्म त्यात गेला होता. माझा जाऊ नये एवढीच तिची आस होती, आणि खरं सांगायचं तर माझीही. नवरा कसा असेल याचा मी विचारच केला नाही. दाराशी विहीर आहे, एवढंच मी मनात घोळवत होते. पण ते लोक जे बघायला येत होते ते आमच्या घरात नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

आईनं भावाला माझ्या पाठीशी लावलं. चार माणसांत कसं बसावं, कसं उठावं, ते हिला शिकव, असं तिनं त्याला सांगितलं. तो बिचारा शिकवायला लागला. पाऊल हळू टाक, गुडघे जवळ घे, नजर खाली ठेव पण मान पाडू नकोस. बाईनं बाईसारखं कसं वागावं ते मला माझा भाऊ शिकवत होता, आणि आई भाजी निवडता निवडता मान डोलवत होती. मी त्याला म्हटलं, ते मनगटाचं दाखव. तो एकदम लाल झाला आणि म्हणाला, ते नको आक्का. मी हट्टच धरला. शेवटी त्यानं करून दाखवलं. मी केलं. पुन्हा केलं. माझा हात कपाळापाशी जाऊन नुसता अडकत होता.

"असू दे," तो म्हणाला. "तू मुद्दाम कराय गेलीस की तुला जमत न्हाई."

तो मला हसतो आहे असं मला वाटलं. मी आत निघून गेले आणि त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

पाहुणे आले. मी डाळिंबी लुगडं नेसून पानसुपारीचं तबक घेऊन बाहेर आले. राहुरीच्या त्या बाईचा, मुलाच्या आत्याबाईचा, चेहरा मला आजही दिसतो. वाईट नव्हता. ती माझ्यामागं दाराकडं बघत राहिली, आणखी कुणीतरी येणार आहे अशी. मग तिनं मला जवळ बसवलं, माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि मांडीवर परत ठेवला. हनुवटीला धरून तोंड उजेडाकडं वळवलं. आदल्या दिवशी मी राख चोळून ओठ लाल करून ठेवला होता. तो तिनं बघितला आणि हनुवटी सोडली. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी त्यात जावं.

"नाटकात हेच लुगडं हुतं न्हाई का?" तिनं विचारलं.

आबा खुशीत हो म्हणाले आणि त्यांनी भावाला हाक मारली. तो आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आत्याबाई म्हणाली, पोराच्या अंगावर काय दिसत होतं हे लुगडं. आबा हसले. मामा हसला. पाहुणे हसले. कुणालाच मला दुखवायचं नव्हतं. दुष्टपणानं कुणी बोललं असतं तर मला रागवता तरी आलं असतं.

मग तिनं भावाला कौतुकानं विचारलं, "एवढं बाईवानी वागायला तुला शिकवलं कुनी रं?"

भावानं माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं.

"मास्तरांनी," तो म्हणाला.

आठ-पंधरा दिवसांनी मामाकडून निरोप आला की मुलगी थोराड वाटते.  आईनं लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवलं आणि घागर माझ्या पुढ्यात सरकवली. ती रिकामी घागर घेऊन माळ उतरताना समोरून येणाऱ्या प्रत्येक बाईला तो निरोप ठाऊक आहे, अशी मी पदर पुढं ओढून चालत होते. आणि तो पदर पुढं मग कितीतरी दिवस तसाच राहिला.

पुढच्या जत्रेच्या आधीची गोष्ट. मी गोठ्यात कडब्याआड बसले होते, ओठाला राख होती. भाऊ आत आला. मी तोंड झाकलं. तो म्हणाला, झाकू नको, मला कधीपासून ठाऊक आहे. मग तो माझ्यापुढं बसला आणि त्यानं तोंड उजेडाकडं केलं. त्याच्या ओठावर कोवळं मिसरूड आलं होतं. मास्तरनं त्याला सांगितलं होतं की हे असं दिसलं तर यंदा शेजारच्या गावचं पोरगं नायिका होईल.

मी त्याच्या ओठाला राख चोळली आणि उपटायला लागले. माझ्या ओठावर होते तसेच केस. माझे होते म्हणून मी तोंड झाकायचं, आणि तो मात्र दोन वर्षं थांबला की त्यांनाच पीळ देऊन चावडीवर बसणार होता. मी जरा जोरातच उपटत होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो हलला नाही.

"आक्का, ते मास्तरांनी न्हाई शिकवलं," तो मध्येच म्हणाला.

काय, असं मी विचारलं.

"मनगटाचं. चालनं पन. मास्तर म्हनले, घरातली एक बाई धर आनि तिचं बघ. मी तुझं बघत गेलो. भाकरी थापताना पिठाचा हात केसाला लागू नये म्हनून तू करतीस की तसं."

माझी चिमूट तशीच राहिली. आधी मला ते खरंच वाटलं नाही. मग आठवायला लागलं. तो चुलीपाशी उगाच बसून राहायचा, मी घागर उचलली की विहिरीच्या काठावरून बघत असायचा. आणि मग मला भयंकर राग आला.

"मग त्या दिवशी त्या बाईपुढं का न्हाई सांगितलंस?"

तो कडब्याची काडी मोडत राहिला. मग म्हणाला, "आबा बसले हुते. लाज वाटली."

बहिणीचं बघून शिकलो याची लाज, की माझ्यासारखीचं बघून शिकलो याची, हे मी त्याला विचारलं नाही. उत्तर काय येईल याची मला भीती होती. राहिलेले केस मी काढून दिले, त्याचं तोंड पुसलं आणि तो गेला. त्या साली नायिका त्यानंच केली. मी नाटकाला गेले नाही.

त्या दिवशी भाऊ गेल्यावर गोठ्यातून उठून मी घागर घेतली आणि विहिरीवर गेले. पाणी भरलं. घागर काठावर ठेवली आणि उचलायला वाकले, तर कमरेवर घेताना दुसरा हात कुठं ठेवतात तेच मला कळेना. कळायला लागल्यापासून मी पाणी वाहत होते. एकदा हात घागरीच्या तोंडावर ठेवला, एकदा बुडाला लावला. सगळंच खोटं, नाटकातल्यासारखं वाटत होतं. मागं घागर घेऊन थांबलेली बाई म्हणाली, चल की गं, ऊन चढतंय. मी घागर पुन्हा काठावर टेकवली आणि तिला म्हटलं, तुम्ही व्हा पुढं.