ब्रेकवाल्याची खुर्ची

नव्वदनंतर बडोद्यात लग्नं मोठी होऊ लागली आणि आमचा मंडपाचा धंदाही वाढला. लोखंडी खांब भरलेला आमचा पिकअप एकदा पावागडच्या उतारावर थांबता थांबेना, म्हणून मी तो प्रतापनगरच्या एका ब्रेकवाल्याकडे नेला. त्याने जाड लायनर बसवले, बूस्टर घातला. मग हात पुसून घरातली खुर्ची आणली, मागच्या रिकाम्या रस्त्यावर मधोमध मांडली आणि चहा घेऊन तीत बसला.

"त्या लिंबापासून जोरात या, साहेब. माझ्याजवळ आलात की ब्रेक मारा."

"अहो, खुर्ची रिकामी ठेवा ना!"

"रिकाम्या खुर्चीसाठी कोण मन लावून काम करेल?" तो शांतपणे म्हणाला.

त्याची बायको बाहेर आली. ही तरी त्याला उठवेल असं मला वाटलं. तिने त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली, "नवा सेट आहे," असं मला सांगितलं आणि आत गेली.

मी भीतभीत गाडी आणली आणि फार अलीकडेच थांबवली. तो नाराज झाला. "हा तुमचा ब्रेक झाला. माझा कुठे तपासला?"

दुसऱ्यांदा बंपर त्याच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबला. तो "बरोबर" म्हणाला, पण उठला नाही. मी खाली उतरलो.

"हात द्या जरा," तो हळूच म्हणाला. "दर वेळी पाय असेच गळतात."

मी हात दिला. माझा हातही थरथरत होता, त्यामुळे त्याला उठवायला आम्हां दोघांना बराच वेळ लागला.