काचेला चिकटलेली माय

माझ्या मायचा जगात एकच फोटो आहे, आणि तो काचेला चिकटलेला आहे. मी अंगावर पिणारी असताना माय गेली. तिचा आवाज, तिची चाल, तिचे हात, यातलं मला काही म्हणता काही आठवत नाही. जे काही आहे ते डोणगावला, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, खुंटीला टांगलेलं. दुसरबीडच्या कुठल्याशा स्टुडिओतला काळा-पांढरा फोटो. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि फोटोवाला नुकताच खेकसला असावा अशी धास्तावलेली नजर. फ्रेम म्हणजे तरी काय, पुढे काच, मागे पुठ्ठा आणि कडेनं काळी पट्टी डकवलेली. कधीतरी तिच्यात ओल शिरली आणि फोटो काचेला जो चिकटला तो चिकटलाच.

गेल्या दिवाळीत मी तो पुसायला घेतला तेव्हा काचेच्या आतून पांढरी बुरशी धरलेली दिसली. तेव्हा ती कानापाशी होती. यंदा पाहिलं तर गालावर आली होती. तिच्या पुढे डोळाच होता.

मी मेहकरला राहते आणि फोटोंवरून डिजिटल चित्रं करून देते. लोकांच्या आजोबांना फेटे बांधते, जन्मात शेजारी न बसलेल्या नवरा-बायकोला एका सोफ्यावर बसवते. गावभरच्या मेलेल्या माणसांना मी टवटवीत करते आणि माझी स्वतःची माय भिंतीवर सडते आहे, या विचारानं माझं डोकं फिरलं.

"ताई, काच काढू. फोटो सोडवून घेते मी हळूच."

"हात तं लावून पाय," ताईनं दम भरला.

तिचंही खोटं नव्हतं. बाबांचा असाच चिकटलेला फोटो एका फ्रेमवाल्यानं हळूच म्हणत सोडवला होता, आणि बाबांचं अर्धं तोंड काचेवर राहिलं होतं. मायच्या काचेला कुणी हात लावायचा नाही आणि फ्रेम एकटी घराबाहेर जायची नाही, अशा तिच्या दोन अटी होत्या.

मग मीच माझा ऑल-इन-वन प्रिंटर रिक्षात घालून डोणगावला नेला. फ्रेम त्याच्यावर पालथी ठेवून स्कॅन केली. पडद्यावर नुसतं धुकं आलं. मोबाइलनं काढून पाहिलं तर काचेत माझंच तोंड मायच्या तोंडावर येऊन बसलं. चार ठिकाणी विचारल्यावर कळलं की हे पातळ, हलके स्कॅनर त्यांच्या काचेला टेकलेलं असेल तेवढंच पाहतात. मध्ये फ्रेमच्या काचेची जाडी आली की ते आंधळे होतात. जुन्या धाटणीचे, आत आरसे आणि भिंग असलेले जाडजूड स्कॅनर थोडं लांबचंही पाहू शकतात. पण ते आता कुणी ठेवत नाही. लग्नांच्या फोटोवाल्यांना सामान पुरवणाऱ्या बुलढाण्याच्या एका दुकानात तसला एक शिल्लक निघाला. दुकानदार फोनवर म्हणाला, "लवकर या, माल परत चालला."

ताई फ्रेम गोधडीत गुंडाळून बसमध्ये माझ्याशेजारी बसली. प्रत्येक खड्ड्याला ती माझ्याकडे असं बघायची, जणू रस्ता मीच खणून ठेवला होता. चिखलीला चढलेल्या एका बुवांनी विचारलं, "काय हाये हो बाई, टीव्ही?"

"माय हाये," ताई म्हणाली.

बुवा जरा सरकून बसले. त्या स्कॅनरनंही धुकंच दाखवलं तर पुढे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. बुरशी काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

दुकानदार चांगला धिप्पाड आणि बोलघेवडा होता. त्यानं आधी पातळ स्कॅनरच पुढे केला. "मॅडम, हा नवा माल हाये. हलका हाये. सगळीकडे हाच चालून राह्यला."

"मला हलका नको. काचेमागचं पाहणारा पाहिजे."

या बाईचा एखादा स्क्रू ढिला आहे अशा चेहऱ्यानं त्यानं तो जाड, धुळीनं माखलेला डबा टेबलावर आणून ठेवला. मी दुकानातल्या कॉम्प्युटरला वायरी जोडायला वाकले, तेवढ्यात त्यानं गोधडी उलगडून फ्रेम बाहेर काढली, म्हणाला, "अरे, हे तं सोपं हाये," आणि कटरचं पातं काळ्या पट्टीत घातलं.

"ठेव बे ते!" ताई ओरडली.

एवढा मोठा माणूस, पण त्यानं कटर टाकूनच दिला. फ्रेमची पट्टी बोटभर फाटली होती, काच जागची हलली नव्हती. ताईनं फ्रेम त्याच्याकडून ओढून घेतली. त्यानं पाणी आणवलं. ते कुणीच प्यायलं नाही.

मी फ्रेम स्कॅनरवर पालथी ठेवली. आतला दिवा सरकू लागला. घुंई घुंई करत तो इतका सावकाश निघाला होता की मला त्याला मागून ढकलावंसं वाटलं. मग पडद्यावर पदर आला. काठाचा धागा न् धागा दिसत होता. मग कुंकू, भुवया, आणि ते घाबरलेले डोळे. धुकं नव्हतं. माझ्या तोंडून हुंदकाच फुटला आणि मी तो खोकल्यासारखा करून लपवला.

मायची प्रत काढायला चांगला प्रिंटरही घ्यायचा होता, तो निवडताना मग मला जोर आला. दुकानदार लग्नाच्या अल्बमचा झगमगीत रंगांचा प्रिंटर घ्या म्हणत होता. मी दुसरा मागितला, पिगमेंट शाईचा. ती शाई कमी चमकते, पण वर्षानुवर्षं उडत नाही. माय पुन्हा फिकी पडलेली मला चालणार नव्हती. त्याच्यावर एक प्रत काढून दाखवा म्हटलं आणि प्रत छान यावी म्हणून मी धूळ-डाग काढण्याच्या पर्यायावर टिक करून पुन्हा स्कॅन केलं. बारीकसारीक ठिपके सगळे गेले. चेहरा नितळ झाला. मी प्रत ताईच्या हातात दिली आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले.

ताईनं ती जवळ धरली, मग लांब धरली.

"हे कोण व्हय?"

"कोण म्हणजे? माय."

"नाही. हे माय नोव्हे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढा आटापिटा करून हे ऐकायचं? आणि मग भीतीच वाटली. कारण खरं-खोटं ठरवणार कोण? मी तर मायला ओळखतच नव्हते. तो चेहरा ओळखणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं, आणि ते मान हलवून नाही म्हणत होतं.

"काय चुकलं ते तरी सांग ना, ताई!"

तिनं स्कॅनरवरची फ्रेम उचलून प्रतीशेजारी धरली. मग प्रतीतल्या मायच्या हनुवटीवर बोट नेलं. "इथचे ठिपके कुठी गेले?"

"ते डाग होते ना? माशांचे?"

"माशांचे? येडी हायेस काय? गोंदण व्हय ते!"

हनुवटीवरचे ते तीन ठिपके मी जन्मभर पाहत आले होते, आणि जन्मभर मला ते काचेवरची घाण वाटत आले होते. दिवाळीत फडक्यानं मी ते घासलेही होते.

"तुले तं कसं आठवन म्हणा," ताईचा आवाज खाली आला. "तू मांडीवर पिता पिता थांबे अन् त्याले बोट लावून पाहे. माय म्हणे, इले वाटते माह्या हनोटीले मोहरी चिकटली."

हे तिनं मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणच पडलं नसावं. मी ती टिक काढून टाकली आणि तिसऱ्यांदा स्कॅन केलं.

प्रिंटर कुरकुरत एकेक ओळ बाहेर टाकू लागला. कपाळ आलं. डोळे आले, बुरशी त्यांच्या अलीकडेच थांबलेली. नाक, मिटलेले ओठ. हनुवटी सगळ्यात शेवटी येणार होती आणि आम्ही दोघी त्या फटीकडे बघत होतो. दुकानदारसुद्धा गिऱ्हाईक सोडून वाकला होता.

ठिपके आले. तीन.

मी कधी हात पुढे केला ते मलाच कळलं नाही. दुकानदारानं हाताशी होता तो चकचकीत कागद घातला होता, त्यावर ही शाई लवकर सुकत नाही. बोट उचललं तेव्हा मधला ठिपका माझ्या बोटाला लागून आला होता.

"अहो मॅडम! खराब झाली ना प्रत. दुसरी काढून देतो," दुकानदार म्हणाला.

ताईनं ती प्रत त्याच्या हातात जाऊ दिली नाही. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"पाय," ती म्हणाली, "आताही तेच करून राह्यली."