पाण्याच्या नळीतल्या गंगाबाई

साथीच्या काळात आमच्या पनवेलच्या लॅबमध्ये दोनच गोष्टी साठत गेल्या, सॅम्पल्स आणि किस्से. सॅम्पल्सना उणे ऐंशीचा फ्रीझर होता. किस्से ठेवायला मी होते!

काम तसं सरळ. पॉझिटिव्ह माणसाच्या स्वॅबमधला विषाणू घ्यायचा, मशीनमध्ये त्याची जनुकीय अक्षरं ओळीनं वाचायची आणि कुठलं अक्षर बदललंय यावरून व्हेरियंट ओळखायचा. मशीन मात्र तात्पुरतं मिळालेलं. "दोन बॅच फुकट गेल्या की मशीन पुण्याला," असं वरून सांगितलेलं. मशीन गेलं की आम्हा सहा जणांची कंत्राटंही गेली. त्यामुळे आम्ही हसायचो भरपूर, पण एक डोळा कायम मशीनवर.

*

सॅम्पलचे बॉक्स आणायचे ओवे गावचे रघुनाथदादा. पहिल्याच दिवशी नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली.

"बॉक्समध्ये काय आहे?"

"कोरोना हाय!"

पोलीस तीन पावलं मागे. "जा, जा, लवकर जा!"

महिनाभरात त्यांची चांगली ओळख झाली. मग लांबूनच विचारणा व्हायची, "काय दादा, आज कुठला व्हेरियंट?"

"ते मॅडम उद्या सांगतील. आमी निस्तं आनतो, नाव ठेवत नाय!"

*

मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख, डॉ. सामंत. एकदा एक नगरसेवक लॅब बघायला आले. मॅडमनी स्क्रीनवर विषाणूंची वंशावळ दाखवली. वर-खाली फांद्या, प्रत्येक फांदीला एकेका भागाचं नाव.

साहेबांचा चेहरा उतरला. "आमचा वॉर्ड सगळ्यात खाली का?"

मॅडमनी समजावलं की यात वर-खाली असं काही नसतं. साहेब काही केल्या हलेनात. शेवटी मॅडमनी माऊस फिरवला आणि ती फांदी उलटी केली. तसं केल्यानं शास्त्रात काडीचा फरक पडत नाही. वॉर्ड सगळ्यात वर गेला!

"आता कसं!" म्हणून साहेबांनी स्क्रीनचा फोटो काढून घेतला.

*

नवीन पनवेलहून एका गृहस्थांचा फोन आला. "माझा व्हेरियंट कोणता?" मी सांगितलं की आम्ही एकेकट्या पेशंटला ते कळवत नाही.

"अहो, पण शेजारचे गावभर सांगत सुटलेत, त्यांना लेटेस्ट झालाय म्हणून. आणि मला काय जुनाच?"

*

आता गंगाबाई. प्रत्येक बॅचमध्ये आम्ही एक नळी साध्या शुद्ध पाण्याची ठेवायचो. त्या नळीत विषाणू दिसला तर समजायचं, आपल्याच हातून काहीतरी सांडलंय आणि सगळी बॅच बाद. पण सॉफ्टवेअर नाव-गावाशिवाय नळी घेईचना.

कॉम्प्युटर सांभाळणारा समीर कपाळावर हात मारून म्हणाला, "या अल्लाह! ताई, याला पाण्याचंसुद्धा वय हवंय!" मग त्यानंच भरलं: गंगाबाई, वय साठ, राहणार सुकापूर. पॉझिटिव्ह पेशंटांची यादी म्हणून हीच नावं पुढे आरोग्य केंद्राला जायची आणि तिथल्या आशाताई घरोघरी चौकशीला जायच्या. पाठवण्याआधी समीर न चुकता गंगाबाईंना वगळायचा.

एक बॅच वीज गेल्यानं आधीच फुकट गेली होती. त्यात समीर ईदच्या सुट्टीवर गेला आणि सगळं माझ्यावर आलं. मशीनचा रन संपला. स्क्रीनवर बघते तर गंगाबाईंना विषाणू! शेजारच्या नळीतला थेंब माझ्याच हातून उडाला असणार. मी सरळ रडायला लागले. सहा घरं माझ्यामुळे बसणार होती.

मॅडम म्हणाल्या, "रडून झालं की हात धू. उरलेली सॅम्पल्स काढ, परत लावू." आणि वर फोन करून त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या रनमध्ये पाणी स्वच्छ निघालं. यादी मात्र आदल्याच दिवशी गेली होती, आणि त्यातून गंगाबाईंना वगळायचं मी साफ विसरले होते.

*

तिसऱ्या दिवशी वरचे साहेब आले. मशीन ठेवायचं की न्यायचं, ते ठरवायला. दोन्ही रन शेजारी शेजारी ठेवून ते बराच वेळ बघत बसले.

"या गंगाबाई पहिल्या रनमध्ये पॉझिटिव्ह, दुसऱ्यात निगेटिव्ह. कोण आहेत या?"

"पाणी आहे सर," मॅडम म्हणाल्या, आणि नळीचं नाव कसं पडलं तेही सांगितलं.

साहेब हसले नाहीत. पेन कागदावर टेकलं. तेवढ्यात फोन वाजला. घाईघाईत माझ्याकडून स्पीकरच दाबला गेला.

"मॅडम, सुकापूरची आशाताई बोलतंय. गंगाबाई सापडल्या! दोन दिस धुंडत व्हते. घरीच बसवलंय त्यांना, ताप हाय थोरा, बाकी बऱ्या हायेत. पन एक इचारू?"

"विचारा," मॅडम कशाबशा म्हणाल्या.

"स्वॅब तर त्यांचा मी आज पयल्यांदा घेतला. किटवर पॉझिटिव्ह आला. तुमाला परवाच कसं कललं?"

साहेबांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या नळीकडे. सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि उठले.

"मशीन इथेच राहू द्या," ते म्हणाले. "आणि ते पाणी बदलू नका!"